अंकीय जुळे : औद्योगिक निर्मितीतील उपयोग आणि नागपूर

प्रत्यक्ष वस्तू, यंत्र किंवा कारखाना आणि त्याचे संगणकातील प्रतिरूप ही दोन्ही माहितीच्या सततच्या देवघेवीने परस्परांशी जोडलेली असतील, तर त्या प्रतिरूपास अंकीय जुळे असे म्हणतात. उद्योगक्षेत्रात डिजिटल ट्विन ही इंग्रजी संज्ञाच अधिक रूढ आहे. या योजनेची तीन अंगे मानली जातात : प्रत्यक्ष वस्तू, तिचे गणिती प्रतिरूप आणि या दोहोंना जोडणारा माहितीचा दुवा. यांपैकी तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे होय. संज्ञेतील ‘जुळे’ हा शब्द मात्र काहीसा फसवा आहे. जुळी भावंडे एकाच वेळी जन्मतात. येथे प्रतिरूप बहुधा वस्तूच्या कितीतरी आधी जन्मास येते, आणि वस्तूची खबर त्याला मिळत राहिली तरच तेही तिच्याबरोबर वृद्ध होते.

प्रतिकृती करून पाहण्याची पद्धत अभियांत्रिकीत जुनीच आहे. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) धरणांच्या व नद्यांच्या लघु प्रतिकृतींवर प्रयोग करण्यात येतात. परंतु धरण बांधून झाल्यावर त्यात साचलेला गाळ किंवा त्याच्या भिंतीस पडलेली चीर त्या प्रतिकृतीत आपोआप उमटत नाही. प्रतिकृती आणि अंकीय जुळे यांच्यातील मुख्य भेद हाच. महसुली व्यवहारातील सातबाऱ्याच्या उताऱ्याशी या जुळ्याची तुलना करता येईल. जमीन हस्तांतरित झाली आणि फेरफाराची नोंद झाली नाही, तर उतारा शिल्लक राहतो, पण तो त्या जमिनीविषयी खरे सांगत नाही. नोंद कोण करतो आणि दप्तर कोणाकडे राहते, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच कळीचे आहेत.

या कल्पनेचे मूळ अनेकदा अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमात शोधले जाते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो–१३ या यानातील ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा अंतराळवीरांच्या सरावासाठी असलेली सदृशीकरण यंत्रे जमिनीवरील अभियंत्यांनी यानातील बिघडलेल्या परिस्थितीशी जुळवून घेतली आणि परतीच्या क्रिया त्यांवर आधी करून पाहिल्या. दूरवरच्या वस्तूची वर्तमान स्थिती जवळच्या प्रतिरूपात उतरविण्याचे हे ठळक उदाहरण होय. तथापि त्यास अंकीय जुळे म्हणणे हे मागाहून सुचलेले नामकरण आहे. डेव्हिड गेलर्न्टर यांनी १९९१ मध्ये ‘मिरर वर्ल्ड्स’ या ग्रंथात बाह्य जगाचे संगणकात पडणारे सजीव प्रतिबिंब कल्पिले. मायकेल ग्रीव्ह्‌ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात उत्पादनाच्या संपूर्ण आयुष्यक्रमाच्या व्यवस्थापनाविषयी विवेचन करताना वर सांगितलेली तीन अंगे मांडली. आजचे नाव या कल्पनेस नासा या संस्थेतील जॉन व्हिकर्स यांनी दिले आणि नासाच्या २०१० मधील तंत्रविषयक आराखड्यानंतर ते सर्वत्र पसरले.

नाव पसरल्याबरोबर त्याचा सैल वापरही सुरू झाला. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१८ मध्ये या विषयावरील लेखनाची छाननी करून तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. माहिती हाताने भरावी लागते, ते अंकीय प्रतिमान. वस्तूकडून माहिती आपोआप येते परंतु उलट दिशेने जात नाही, ती अंकीय छाया. आणि दोन्ही दिशांनी आपोआप वाहते, तेव्हाच अंकीय जुळे. या कसोटीवर जुळे म्हणून गाजलेली बरीचशी कामे प्रतिमान किंवा छाया याच वर्गांत मोडतात. निर्मिती उद्योगातील अंकीय जुळ्यांच्या रचनेविषयीचे आयएसओ २३२४७ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

कारखान्यांत या तंत्राची पूर्वतयारी विमान उद्योगाने केली. फ्रान्समधील दासो या विमान कंपनीत १९७७ च्या सुमारास त्रिमितीय आरेखनाची संगणकीय प्रणाली विकसित होऊ लागली; कातिया या नावाने ती पुढे जगभर विकली गेली आणि त्यासाठी १९८१ मध्ये दासो सिस्टेम्स ही स्वतंत्र कंपनी निघाली. बोइंग कंपनीने ७७७ या विमानाचा (पहिले उड्डाण १९९४) संपूर्ण आराखडा या प्रणालीवर तयार केला. कागदावरील आरेखनाची जागा घन प्रतिमानाने घेतली आणि सुटे भाग एकमेकांत बसतात की नाही, हे धातूला हात लावण्यापूर्वीच तपासता येऊ लागले.

त्यानंतरच्या ७८७ या विमानाने मात्र या पद्धतीची मर्यादा दाखवून दिली. वजनाने सुमारे निम्मे संमिश्र द्रव्यांचे असलेल्या या विमानाचे मोठमोठे भाग निरनिराळ्या देशांतील पुरवठादारांकडे सोपविण्यात आले होते व सर्वांना एकच संगणकीय प्रतिमान उपलब्ध होते. तरीही जुलै २००७ मध्ये समारंभपूर्वक बाहेर आणलेल्या पहिल्या विमानात कित्येक भाग अपुरे होते आणि तात्पुरते जोड वापरलेले होते. मे २००८ मध्ये ठरलेली पहिली सुपूर्दगी सप्टेंबर २०११ मध्ये झाली. विलंबाची कारणे अनेक होती; परंतु वस्तू कशी असावी हे सर्वांस ठाऊक असूनही पुरवठादाराकडे ती प्रत्यक्षात कोणत्या अवस्थेत आहे हे वेळेवर कळत नव्हते, हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. उणीव तिसऱ्या अंगाची होती.

याच विमानाच्या निमित्ताने नागपूरचा या इतिहासाशी संबंध आला. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ मध्ये झाली आणि नागपूर विमानतळालगत मिहान हा बहुमार्गी मालवाहतूक केंद्राचा व विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रकल्प तिने हाती घेतला. तेथील टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्यूशन्स या टाटा समूहातील कंपनीच्या कारखान्यात ७८७ विमानाच्या प्रवासी कक्षातील जमिनीखालच्या तुळया कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्यापासून बनू लागल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये २५,००० वी तुळई बोइंगकडे रवाना झाली. पुढे हा व्यवसाय टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स या कंपनीकडे गेला.

तुळई हा दिसण्यास साधा भाग; पण तिच्या निर्मितीतील शिस्त साधी नाही. संमिश्र द्रव्यात छिद्र पाडताना थर सुटण्याचा धोका असतो व ही इजा वरून दिसतेच असे नाही. म्हणून स्वनातीत तरंगांनी अंतर्भागाची परीक्षा करावी लागते. विमान उद्योगाच्या रिवाजानुसार भागाचा क्रमांक, कच्च्या मालाची गटवारी, मोजमापे, आढळलेले विचलन व त्यास मिळालेली संमती या सर्वांची नोंद भागाबरोबर जाते. आराखड्याप्रमाणे वस्तू आणि घडली तशी वस्तू या दोहोंतील अंतर या नोंदीतच सापडते, आणि अंकीय जुळ्याचा खरा कच्चा माल तोच. तो नागपुरात तयार होतो. परंतु संपूर्ण विमानाचे प्रतिरूप विमान बनविणाऱ्याकडे राहते व भाग बनविणाऱ्यास त्यातील आपल्यापुरता तुकडा दिसतो.

नवे तंत्र नागपुरात येण्याची ही रीत जुन्या रीतीहून भिन्न आहे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. रिंग पद्धतीच्या चात्यांवर लँकेशरमधील नामांकित यंत्रनिर्मात्यांचाही पुरता विश्वास बसला नव्हता, त्या काळात, १८८३ च्या सुमारास, त्यांनी त्या आपल्या गिरणीत चालवून पाहिल्या. प्रयोगाचा निर्णय गिरणीचा, जोखीम गिरणीची आणि मिळालेले ज्ञानही गिरणीचेच होते. मिहानमधील अंकीय शिस्त ग्राहकाच्या अटींतून आली. त्यामुळे ती लवकर व काटेकोरपणे आली, हे मान्य करावयास हवे. मात्र तिच्यावरील स्वामित्व तिच्याबरोबर आले नाही.

विमान सेवेत दाखल झाल्यानंतरची बाजूही नागपुरात पाहावयास मिळते. एअर इंडियाने २००६ मध्ये केलेल्या मोठ्या खरेदीच्या अनुषंगाने बोइंगने मिहानमध्ये विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र उभारले. ते २०१५ मध्ये एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे सोपविण्यात आले. २०२२ मध्ये एअर इंडियाचे खाजगीकरण झाले तेव्हा ही कंपनी सरकारकडेच राहिली. आधुनिक जेट एंजिनांतील संवेदक तापमान, दाब, कंपन इत्यादींची माहिती देतात. एंजिन बनविणारी कंपनी प्रत्येक एंजिनाचे स्वतंत्र प्रतिरूप राखून, धुळीच्या व उष्ण प्रदेशांत उडालेल्या एंजिनाची झीज किती झाली असावी याचा अंदाज बांधते. ठरीव तासांनंतर एंजिन उतरविण्याऐवजी त्याच्या अवस्थेनुसार उतरविणे त्यामुळे शक्य होते. एंजिन उघडल्यावर पाती खरोखर किती झिजली हे कळते ते दुरुस्ती केंद्रातील तंत्रज्ञाला, आणि त्याच्या निरीक्षणाशिवाय प्रतिरूपाची दुरुस्ती होत नाही. सांख्यिकीच्या या व्यवहारात कारागिराच्या डोळ्याचे मोल कमी झालेले नाही, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

महाराष्ट्रात अन्यत्र हे तंत्र प्रामुख्याने पुणे परिसरात रुजले. चाकण येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बहूद्देशीय कारखान्याचे उद्‌घाटन १४ फेब्रुवारी २०१५ रोजी झाले. यंत्रे व आरेखन संगणकीय जाळ्याने जोडलेला कारखाना ही त्यामागील कल्पना होती. केंद्र शासनाच्या समर्थ उद्योग योजनेखाली पुण्यात लघुउद्योगांना अशा तंत्रांचा परिचय करून देणारे केंद्रही सुरू झाले. नागपूरजवळील हिंगणा व बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांना हा परिचय अधिक उपयुक्त ठरेल. तेथील अडचण बहुधा प्रतिरूप विकत घेण्याची नसते. जुन्या लेथवर संवेदक बसविणे, वीज व संदेशवहन अखंड राखणे आणि नोंदी प्रामाणिकपणे ठेवणे ही कामे आधीची आहेत आणि अधिक कष्टाचीही.

दासो व रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीच्या मिहानमधील कारखान्याची कोनशिला २७ ऑक्टोबर २०१७ रोजी बसविण्यात आली. फाल्कन २००० या व्यावसायिक जेट विमानाचे घटक तेथे बनविण्यात येऊ लागले. जून २०२५ मध्ये पॅरिस येथील विमान प्रदर्शनात हे संपूर्ण विमान नागपुरात जोडण्याची घोषणा झाली व पहिले विमान २०२८ पर्यंत तयार करण्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. ते साध्य झाल्यास एका पूर्ण विमानाची पहिली नोंद प्रथमच नागपुरात लिहिली जाईल. तीत पुढे भर घालण्याचा व ती वाचण्याचा अधिकार येथील अभियंत्यांस कितपत मिळेल, हे करारातील कलमांवर अवलंबून आहे. [⟶ विमान उद्योग, संगणक].