नाशिक कुणाचे? त्रिरश्मी लेणी, काळाराम आणि गोदावरीचे पाणी

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. कोट्यवधींच्या निविदा, घाटांची कामे, रस्ते, साधुग्राम यांच्या बातम्या रोज येत आहेत. या सगळ्या गदारोळात नाशिकची एकच ओळख पुन्हा पुन्हा सांगितली जाते: रामाची वनवासभूमी, कुंभनगरी, धर्मक्षेत्र. फार तर जोडीला द्राक्षे आणि वाईन. या ओळखीत आपण कुठे आहोत? याच शहराच्या दगडावर कोरलेला दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास कुठे आहे? हा प्रश्न आंबेडकरी तरुणांनी विचारलाच पाहिजे. ज्याचा इतिहास दुसरा लिहितो, त्याचे वर्तमानही दुसराच ठरवतो.

आम्हाला येथे कुणाच्या श्रद्धेशी भांडायचे नाही. पण श्रद्धा ही श्रद्धा असते आणि पुरावा हा पुरावा असतो. नाशिकबद्दल आपण पुराव्याने बोलू.

नावाचा पुरावा

नाशिक हे नाव कसे पडले? लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून, असे लहानपणापासून सांगितले जाते. एका स्त्रीचे नाक कापल्याच्या कथेवरून शहराचे नाव पडले, हे अभिमानाने सांगताना कुणाला काही वाटत नाही, हा भाग वेगळा. कुणी नऊ टेकड्यांवरूनही नाव सांगतात. लेखी पुरावा मात्र काय सांगतो?

मध्य प्रदेशातील भरहूतच्या बौद्ध स्तूपाला एका स्त्रीने स्तंभ दान दिला. तिचे नाव गोरखिता, वासुकाची पत्नी, आणि ती 'नासिक'ची होती. हा लेख इसवी सनापूर्वीचा आहे. त्रिरश्मी डोंगरावरील १९ व्या लेण्यात सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळातील लेख आहे. हे लेणे नासिकच्या एका श्रमण महामात्राने करवून घेतले, असे तो सांगतो. १८ व्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या दारावर नासिककरांच्या धंभिक गावाचे दान कोरलेले आहे. म्हणजे नाशिकच्या नावाचे अतिप्राचीन लेखी उल्लेख आपल्याला बुद्धाच्या धम्माला दान देणाऱ्यांच्या लेखांत सापडतात. त्यांत एक स्त्री आहे, एक अधिकारी आहे आणि एक सबंध गाव आहे.

आणि या लेण्यांना आपण काय म्हणतो? पांडवलेणी! ही लेणी पांडवांची असल्याचे एकाही शिलालेखात नाही. शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी असे आहे. नाव बदलले की मालक बदलतो. महाराष्ट्रात किती तरी बौद्ध लेण्यांच्या वाट्याला हेच आले आहे. म्हणून त्रिरश्मी हे नाव आपण आग्रहाने वापरले पाहिजे.

लेणी कुणाच्या पैशातून उभी राहिली?

लेणी म्हणजे राजेरजवाड्यांचे काम, असा एक समज आहे. राजांनी दान दिले, हे खरेच. पण त्रिरश्मीवर एकूण २४ लेणी आहेत आणि त्यांतील दात्यांची यादी वाचली तर वेगळेच चित्र दिसते. आठव्या लेण्याचा दाता मुगुदास हा 'दासक' आहे. अभ्यासक या शब्दाचा अर्थ मासेमार असा लावतात. गोदावरीच्या काठावरच्या शहरात एक मासेमार आपल्या कुटुंबासह भिक्खुसंघाला लेणे देतो आणि त्याचे नाव दगडावर राहते. १७ वे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाचे आहे. विष्णुदत्ता ही शक कुळातील उपासिका. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात तिने वेगवेगळ्या कारागीर श्रेणींकडे रक्कम कायमची ठेवली. त्या श्रेणींत तेली होते, पाण्याची यंत्रे बनवणारे ओदयंत्रिक होते. व्याजातून काय करायचे होते? चारी दिशांहून येणाऱ्या भिक्खुसंघातील आजाऱ्यांना औषध द्यायचे होते. एक स्त्री आरोग्यासाठी कायमचा निधी उभा करते आणि तो सांभाळते कोण, तर हाताने काम करणारी माणसे.

दहाव्या लेण्यातील हिशोब तर प्रत्येक तरुणाने वहीत उतरवून घ्यावा असा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३००० काहापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. गोवर्धन आजही नाशिकच्या पश्चिमेला गोदाकाठी आहे. एका श्रेणीकडे २००० काहापण महिना शेकडा एक दराने, दुसरीकडे १००० काहापण महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ काहापण द्यायचे होते. बारा गुणिले वीस, बरोबर २४०! हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असेही लेखात आहे.

याचा अर्थ काय? ज्या विणकराला पुढे जातिव्यवस्थेने खालच्या पायरीवर बसवले, त्याच्या संघटनेवर दोन हजार वर्षांपूर्वी राजघराण्यातला माणूस पैशाचा विश्वास टाकत होता. श्रेणी ही त्या काळची बँक होती, व्यवहार उघड होता आणि हिशोब सभेपुढे होता. आज नदी स्वच्छतेच्या नावाने जो पैसा खर्च होतो, त्याचा हिशोब असा चौकात वाचून दाखवला जातो का?

तो काळही संघर्षाचाच होता

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्राचीन काळ म्हणजे समतेचा सुवर्णकाळ होता, असे भाबडे चित्र आपण रंगवू नये. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणे भद्रयानीय भिक्खूंना दिले. एका राजमातेचे हे दान मोठेच आहे. पण त्याच लेखात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती करताना त्याला 'एकबम्हण' म्हटले आहे आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे गौरवाने सांगितले आहे.

नीट विचार करा. वर्णसंकर थांबवावा लागला, याचा अर्थ तो होत होता. माणसे वर्णाच्या भिंती ओलांडत होती. राजसत्ता एका हाताने भिक्खूंना लेणे देत होती आणि दुसऱ्या हाताने वर्णाची भिंत सांभाळत होती. उषवदातानेही बौद्धांबरोबर ब्राह्मणांना गावे आणि गाई दान दिल्याचे लेख सांगतात. बाबासाहेबांनी भारताच्या इतिहासाकडे बौद्ध धम्म आणि ब्राह्मणवाद यांचा संघर्ष म्हणून पाहिले. त्या संघर्षाचा साक्षीदार नाशिकच्या एकाच भिंतीवर उभा आहे.

पाणी सर्वांचे

उषवदाताच्या लेखात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या चळवळीच्या मुळाशी जाते. तापी, दमणा, दाहनुका अशा नद्यांवर त्याने लोकांना फुकट पलीकडे नेणाऱ्या नावा ठेवल्या. नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. भडोच, मंदसोर, सोपारा आणि गोवर्धन येथे धर्मशाळा, विहिरी, तळी केली. नदी ओलांडण्याची सोय आणि पिण्याचे पाणी ही वाटसरूंसाठी करायची सार्वजनिक कामे आहेत, ही जाणीव या मातीत इतकी जुनी आहे.

मग मधल्या काळात काय झाले? पाणी कुणासाठी होते आणि कुणासाठी नव्हते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारायला नको. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, तरी पाणवठे खुले झाले नाहीत. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना पाण्याला हात लावून दाखवावा लागला. आणि तीन वर्षांनी लढ्याचे केंद्र गोदावरीच्या काठी आले.

२ मार्च १९३०

अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेले काळाराम मंदिर पंचवटीत आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार माणसांची मिरवणूक या मंदिरावर गेली. चारचारच्या रांगा आणि मैलभर लांबी. शिस्त अशी की सरकारी अधिकारीही पाहत राहिले. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक वळली आणि गोदावरीच्या घाटावर सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी चारी दरवाजांवर बसली: १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांचे सहकारी दिवसेंदिवस हा लढा चालवत राहिले. ९ एप्रिलला रथ ओढण्याबाबत ठरलेला समझोता मोडला गेला. दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली.

हा सत्याग्रह टप्प्याटप्प्याने १९३५ पर्यंत चालला. तो देवदर्शनासाठी नव्हता. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांना हे स्पष्ट कळवले होते. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हे केले नाही, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केले, असा त्या पत्राचा आशय आहे. आणि जाणीव झाली! १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातील येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. काळारामाचे दार बंद राहिले म्हणून येवल्याचे दार उघडले आणि ती वाट पुढे नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचली. ज्या जिल्ह्यात त्रिरश्मी लेणी उभी आहेत, त्याच जिल्ह्यातून आपण बुद्धाकडे परत निघालो.

दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मलेल्या दादासाहेबांनी हा वारसा जमिनीच्या प्रश्नाशी जोडला. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी लढा त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. मंदिर, पाणी, जमीन हा एकाच हक्काचा विस्तार आहे, हे त्यांनी जाणले होते.

आजची गोदावरी

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकला ती उगमापासून जवळच भेटते, म्हणून येथे ती सर्वांत निर्मळ असायला हवी. प्रत्यक्षात शहराचे सांडपाणी नासर्डी आणि वाघाडीसारख्या ओढ्यानाल्यांतून नदीत येते. २००३ च्या कुंभमेळ्याच्या वेळी पात्रातील प्राचीन कुंडांच्या तळाशी सिमेंट काँक्रीट ओतले गेले आणि जिवंत झऱ्यांची तोंडे बुजली. आता साधुग्रामसाठी तपोवनातील शेकडो झाडांवर कुऱ्हाड चालवण्याचा प्रस्ताव आला आणि नाशिककरांना रस्त्यावर उतरावे लागले. खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्षी याच पाण्यावर जगतात. ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे.

ज्या नदीला आई म्हणायचे, तिच्यातच घाण सोडायची, आणि पर्वणी संपली की ती घाण काढायला कोण उतरते? कंत्राटी सफाई कामगार कोणत्या वस्त्यांतून येतात, हे सांगायची गरज नाही. दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी चढले की शहराला पूर कळतो, पण पहिल्यांदा घर कुणाचे बुडते? जुन्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली सांकळिया आणि देव यांनी उत्खनन करून नाशिकचे प्राचीनत्व सिद्ध केले. त्याच परिसरात आज गरीब कुटुंबे ढासळत्या कड्यावर जीव मुठीत धरून पावसाळा काढतात. वारसा जपायचा तर त्या वारशावर राहणाऱ्या माणसांचे पुनर्वसन आधी झाले पाहिजे.

आपण काय करायचे?

संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासोबत स्नानाचे घाट हा शब्दही लिहिलेला आहे. महाड आणि नाशिकचा अनुभव त्या शब्दामागे उभा आहे. कलम ५१ क नद्यांचे आणि वारशाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवते. हक्क मिळाला आहे, आता कर्तव्यही आपणच पार पाडू.

त्रिरश्मीवर फक्त बुद्धपौर्णिमेला जाऊन फोटो काढणे पुरे नाही. मुगुदासाचे, विष्णुदत्तेचे, विणकरांच्या श्रेणींचे लेख वाचायला शिका, मुलांना तेथे नेऊन वाचून दाखवा. लेण्यांत शेंदूर, खडू, नावे कोरणे दिसले तर पुरातत्त्व खात्याकडे लेखी तक्रार करा. त्रिरश्मी, काळाराम, गोदाघाट आणि येवला ही आपली इतिहासाची वाट आहे. ती चालत जा. सिंहस्थाच्या खर्चाचा आणि नदीच्या सांडपाण्याचा हिशोब माहितीच्या अधिकारात मागा. सफाई कामगारांना सुरक्षा साधने आणि पूर्ण मजुरी मिळते का, हे विचारा.

नाशिक कुणाचे, याचे उत्तर शिलालेखांनी केव्हाच दिले आहे. ते मासेमाराचे आहे, विणकराचे आहे, तेल्याचे आहे, दान देणाऱ्या स्त्रियांचे आहे, दूरदेशाहून आलेल्या यवनाचेही आहे. नदी कुणा एकाच्या नावावर नाही. ती आमच्या एकट्याच्या नावावर करा, असेही आमचे म्हणणे नाही. ती सर्वांची आहे, हे सर्वांकडून मान्य करून घेईपर्यंत १९३० चा सत्याग्रह संपलेला नाही.

जय भीम!