औषध की प्रसाधन?

मराठी माणूस आणि व्यापार यांचे सख्य नाही, हे विधान इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. महाराष्ट्राबाहेर संसार मांडलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी हळदीच्या क्रीमची ट्यूब वर्षानुवर्षे येत असते. पण ती पेंढारकर नावाच्या मराठी घराण्याची, हे पुष्कळांच्या गावीही नसते. दोष त्यांचा नाही. बेडेकरांनी लोणच्यावर आपले आडनाव छापले. पेंढारकरांनी मात्र वडिलांचे नाव इंग्रजी आद्याक्षरांत दडवले.

केशव विष्णु पेंढारकर यांनी 1952 मध्ये मुंबईत परळ येथे 'विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी' काढली. तिचेच संक्षिप्त रूप म्हणजे 'विको'. गंमत अशी की, ज्या मालाची सारी मदार वनस्पतींवर, त्याच्या नावात 'केमिकल'! आरंभ झाला तो वज्रदंती या दंतमंजनापासून. परदेशी टूथपेस्ट शहरी घरांत स्थिरावत असताना पेंढारकर पितापुत्रांनी हे मंजन दारोदार हिंडून विकले. पुढे मंजनाची पेस्टही झाली, कारखाना डोंबिवलीस व नागपुरास गेला. तो तपशील आम्ही येथे लांबवीत नाही.

खरा कसोटीचा निर्णय 1975 चा. 'अफगाण स्नो'पासून आपल्या बाजारात चेहऱ्याचे क्रीम म्हणजे पांढरे, असा संकेतच रूढ झाला होता. केशवरावांचे चिरंजीव गजानन पेंढारकर यांच्या काळात पिवळे क्रीम बाजारात आले. हे चोपडले तर तोंड पिवळे दिसेल, ही गिऱ्हाइकाची भीती अगदी रास्त होती. ती घालवण्यास विक्रेत्यांनी आरसा पुढे केला, असे सांगतात. साधारण त्याच सुमारास हिंदुस्थान लिव्हरचे 'फेअर अँड लव्हली' गोरेपणाचे वचन देत अवतरले. अशा बलाढ्य स्पर्धकापुढे रंग बदलून टाकण्याचा मोह कोणासही झाला असता. पण घरोघरी नवरीला जी लागते ती हळद ट्यूबमध्ये भरायची आणि तिचा रंग मात्र लपवायचा, हा व्यवहार पेंढारकरांनी केला नाही. आमच्या मते त्यांच्या साऱ्या जाहिरातींहून हा निर्णय मोठा.

जाहिरातीही लहान नव्हत्या. चित्रपटगृहांत त्या झळकल्या आणि 1984 मध्ये दूरदर्शनवरील 'ये जो है ज़िंदगी' ही मालिका विकोने पुरस्कृत केली. हे क्रीम प्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक आहे, असे त्यांत गाऊन सांगितले जाई. ऐकणाऱ्यांस ती विक्रीची क्लृप्ती वाटली असेल. पण त्याच प्रश्नावर केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याशी कंपनीचा कज्जा चालू होता. औषध ठरले तर शुल्क कमी, प्रसाधन ठरले तर जबर.

केंद्र सरकारच्या सेवेत केस पांढरे केलेल्या आम्हांस येथे खात्याची बाजूही मांडली पाहिजे. जी वस्तू वैद्याच्या चिठ्ठीवाचून, वाण्याच्या दुकानी, साबणाशेजारी मिळते तिला औषध कसे म्हणावे? ही शंका वावगी नव्हे. 1985 च्या उत्पादन शुल्क दर कायद्यात औषधांचे प्रकरण 30 वे, प्रसाधनांचे 33 वे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैद्यनाथांचे लाल दंतमंजन औषध मानण्यास नकार दिला, तेव्हा विकोच्या मालाबाबतही खात्याचा धीर वाढला. एखाद्या भागधारकांच्या कंपनीने अशा वेळी तडजोड केली असती, किंमत वाढवली असती. घरच्या धंद्यात हिशेब निराळा असतो. वडिलांनी आयुर्वेदिक म्हणून दारोदार विकलेली वस्तू मुलाने कागदोपत्री प्रसाधन म्हणून कबूल करणे म्हणजे पैशापलीकडची माघार. अखेर डिसेंबर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल विकोच्या बाजूने दिला. चिठ्ठीवाचून दुकानात मिळते एवढ्यावरून औषधाचे औषधपण जात नाही, असा त्याचा आशय.

या चिकाटीची किंमतही पडली. शेजारच्या कंपन्या नवनवी प्रसाधने काढीत असता विकोची ओळख वज्रदंती, हळदीचे क्रीम, नारायणी अशा मोजक्या नावांपुरती राहिली. औषध म्हणवून घेणाऱ्यास सौंदर्याच्या बाजारात मोकळेपणी शिरता येत नाही.

उत्पादन शुल्काची ती व्यवस्था 2017 मध्ये बव्हंशी वस्तू व सेवा करात विलीन झाली. नव्या दरपत्रकातही औषधांचे प्रकरण 30 वे आणि प्रसाधनांचे 33 वेच आहे.