हृदयझडपेवरील उपचार आणि वृद्ध रुग्णांमधील गुंतागुंत : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदयझडपेवरील उपचारांचा इतिहास सामान्यतः यशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु प्रत्येक नव्या उपचाराबरोबर गुंतागुंतीचे स्वरूपही बदलत गेले. वृद्ध रुग्णांच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

ऐतिहासिक वाटचाल :
१९२५ मध्ये लंडन येथे हेन्री सूटर यांनी बोटाच्या साहाय्याने आकुंचित मिट्रल झडप मोकळी केली. १९६० मध्ये अमेरिकेत स्टार-एडवर्ड्स ही कृत्रिम झडप यशस्वीपणे बसविण्यात आली. भारतात त्या काळी झडपेचे रुग्ण प्रामुख्याने र्‍हुमॅटिक तापाने ग्रासलेले तरुण असत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. शस्त्रक्रियेनंतरचा काळ हीच खरी कसोटी असल्याचे यातून स्पष्ट झाले. डिसेंबर १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची स्वदेशी झडप प्रथमच रुग्णास बसविण्यात आली.

गुंतागुंतीचे बदलते स्वरूप :
यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन आयुष्यभर घ्यावे लागते. मात्रा कमी पडल्यास पक्षाघात, जास्त झाल्यास रक्तस्राव, असा हा दुहेरी धोका असतो. वृद्धापकाळी तोल जाणे, मूत्रपिंडाची दुर्बलता व इतर औषधे यांमुळे तो वाढतो. प्राणिजन्य झडपेस हे औषध सहसा कायम लागत नाही. मात्र ती कालांतराने झिजते.

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये अलेन क्रिबिए यांनी छाती न उघडता, नलिकेद्वारे महारोहिणीची झडप बसविली. शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या रुग्णांवरील २०१० च्या पार्टनर चाचणीत या पद्धतीने वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण ५०.७ टक्क्यांवरून ३०.७ टक्क्यांवर आले. तथापि पहिल्या ३० दिवसांतील गंभीर पक्षाघाताचे प्रमाण ५.० टक्के होते. नेहमीच्या उपचारात ते १.१ टक्के होते. काही रुग्णांना पुढे पेसमेकरही बसवावा लागतो.

संगमनेरचा संदर्भ :
प्रवरेकाठचे संगमनेर पुणे-नाशिक मार्गावर आहे. जिल्ह्यात लोणी येथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. झडपेची शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. रक्ततपासणी, गोळीची मात्रा आणि तापाकडे लक्ष ही जबाबदारी मात्र घर व गावातील डॉक्टर यांच्यावर येते. खेड्यातील वृद्धास तपासणीसाठी सोबत कोण येणार, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकीयही ठरतो. साधा वाटणारा ताप झडपेच्या जंतुसंसर्गाचे पहिले लक्षण असू शकतो.

निष्कर्ष :
झडपेचे तंत्र बदलले, तरी गुंतागुंत संपली नाही. तिची जागा व वेळ बदलली. वृद्धासाठी झडप निवडताना तिच्या टिकाऊपणाइतकाच नंतरच्या देखभालीचा विचार होणे अगत्याचे आहे.