विडीकामगार : नोकर की ठेकेदार?

नोव्हेंबर 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्यात 22 वा प्रस्ताव मतास टाकण्यात आला. ॲपद्वारे प्रवासी नेणारे व माल पोहोचविणारे चालक हे कंपनीचे नोकर नसून स्वतंत्र ठेकेदार होत, असा त्याचा आशय होता. सुमारे 59 टक्के मतदारांनी त्यास संमती दिली. या वादास नव्या युगाचा वाद म्हणण्याचा प्रघात आहे. गोंदियाच्या विडीधंद्याचा अभ्यास करणारास मात्र तो परिचित वाटेल.

गोंदिया 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते आणि 1956 पर्यंत सागर व नागपूर यांच्यासमवेत एकाच प्रांतात. भोवतालच्या जंगलातील तेंदूपाने, हाताशी रेल्वे आणि धानाचा हंगाम संपताच रिकामे होणारे हात, यांवर हा धंदा वाढला. या साऱ्या पट्ट्यात कामाची पद्धत सारखीच. कारखानदार सट्टेदारास तंबाखू देई, सट्टेदार विड्या वळवून आणी, मजुरी हजारी दराने ठरे. वळणारा कोणत्या वेळी बसतो, हे कोणी पाहत नसे. मग त्याचा मालक कोण?

सागरच्या खटल्यात 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार ठरविले. त्यांची माणसेही कारखान्याची कामगार ठरली नाहीत. नागपूरच्या खटल्यात 1960 साली निराळा निर्णय झाला. तेथील कामगार कारखान्यातच बसत, मात्र येण्याजाण्यास बरेचसे मोकळे होते. वळताना देखरेख नसली तरी निकृष्ट विडी बाद करण्याचा अधिकार मालकाकडे आहे आणि अशा साध्या कामात तेवढे नियंत्रण पुरेसे होय, असे न्यायालयाने मानले. माझ्या मते या साऱ्या वादातील हाच सर्वांत मर्मग्राही विचार होय. परंतु 1961 साली बहुमत पुन्हा उलट गेले. तेव्हा भिन्नमत नोंदविणारे न्यायमूर्ती सुब्बाराव हेच सागरच्या निर्णयाचे लेखक होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

नियंत्रणाची कसोटी अशी दोलायमान राहिल्यावर संसदेने 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात तिला बगल दिली. मालकाकडून वा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाराचा कर्मचाऱ्याच्या व्याख्येतच समावेश केला; वळणारीचा असे म्हणणे अधिक यथार्थ, कारण घरी हे काम बहुतांशी स्त्रियाच करीत. बाद विड्यांविषयीचे तंटे सोडविण्याचीही सोय केली. कारखानदारांनी या कायद्यास आव्हान दिले. 1974 साली तो वैध ठरला.

सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 हिने गिग कामगाराची व्याख्या केली, पण ती रूढ मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचा म्हणून. कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वर्गणीतून त्याच्यासाठी योजना करावयाच्या आहेत. विडी बाद झाल्यास दाद मागण्याची जी सोय 1966 साली झाली, तशी सोय ॲपवरील खाते बंद झालेल्या चालकासाठी या संहितेत नाही.