पी. पी. नंबर

टेलिफोनच्या इतिहासाला वळण लावणारा एक माणूस तिरडीच्या धंद्यातला होता असे सांगितले, तर तुम्ही म्हणाल, याला सकाळीच कोणीतरी भेटलेले दिसते. पण गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचे एक गृहस्थ अंत्ययात्रांची व्यवस्था करून पोट भरत. त्यांच्या मनाने घेतले की, गिऱ्हाईक फोनवर आपले नाव सांगते आणि एक्स्चेंजमधली बाई कॉल मात्र प्रतिस्पर्ध्याकडे जोडते. ती बाई प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती, अशीही आख्यायिका आहे. आपल्याकडचा माणूस अशा वेळी बाईच्या नावाने बोटे मोडून, फार तर एक निनावी अर्ज करून गप्प बसला असता. स्ट्रोजर गप्प बसले नाहीत. त्यांनी बाईच नको असे यंत्र शोधून काढले. १८९१ साली त्याचे पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. मेलेल्यांवर चरितार्थ चालवणाऱ्या माणसाने जिवंत बायकांच्या नोकऱ्यांवर तिरडी बांधायला घेतली, ती अशी.

त्याआधी सगळा कारभार माणसांच्या हातचा. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली एक्स्चेंजे २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाली. फोन उचलायचा, ऑपरेटरला सांगायचे, त्याने दोरीचे टोक योग्य भोकात खुपसायचे. या पद्धतीत एक मोठा फायदा होता. ऑपरेटरला गाव ठाऊक असायचे. लहान गावातला ऑपरेटर तर 'डॉक्टर आता घरी नाहीत, पाटलांकडे गेलेत, तिकडे देतो' एवढे सांगू शकायचा. स्ट्रोजरच्या यंत्राला डॉक्टरही माहीत नाहीत आणि पाटीलही. त्याला एवढेच कळायचे की, हा आकडा म्हणजे ही तार, आणि ती तार ज्या भिंतीत शिरते तिथे घंटी वाजवायची. पुढे कोणी उचलो न उचलो. थोडक्यात काय, नंबर माणसाचा राहिला नाही, भिंतीचा झाला.

आता भिंतीचा नंबर मिळवायला आधी भिंत हवी आणि नंतर आयुष्य हवे. अर्ज केल्यावर फोन यायला इतकी वर्षे लागत की, अर्ज करताना मांडीवर असलेले पोर फोन येईतो डायल फिरवायला तयार असे. मग आपण मराठी माणसांनी यावर तोड काढली. तिचे नाव पी. पी. नंबर.

नव्या पिढीला हे समजावून सांगावे लागेल. ट्रंक कॉलच्या भाषेत पी. पी. म्हणजे 'पर्टिक्युलर पर्सन', अमुकच माणूस हवा. लग्नपत्रिकेत आणि व्हिजिटिंग कार्डावर मात्र त्याचा अर्थ सरळ होता : फोन शेजाऱ्याचा, गप्पा आमच्या. लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर एका दुकानात फोन होता आणि तीन मजले त्यावर पी. पी. होते. जासईला माझी आत्या. तिचा पी. पी. एका वखारवाल्या शेटजींकडे. म्हणजे वडिलांना बहिणीशी बोलायचे तर आमच्या पी. पी.कडून तिच्या पी. पी.कडे आणि मध्ये ट्रंक बुकिंगचा ऑपरेटर. पनवेलहून उरणला जाताना गव्हाण फाट्यापुढे जासई लागते. मुंबईहून खाडीपलीकडे पाहिले तर हाकेच्या अंतरावर. पण हाक ट्रंकने मारायची, तर ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग हे आधी ठरवायचे. लाइटनिंगचा दर ऐकला की वीज आपल्याच अंगावर पडायची.

कॉल लागला की शेटजी पोऱ्याला पिटाळत. पोऱ्या पळत जाई, आत्या शेतावर असेल तर बांधावरून शेतावर, आणि आत्या पदराला हात पुसत धापा टाकत येईपर्यंत ऑपरेटर बजावी, 'थ्री मिनिट्स ओव्हर.' आत्याच्या निम्म्या खुशालीवर कायमची धापच ऐकू आली आहे.

या पोऱ्याचा विनोद एकदाच संपला. जानेवारी १९८४. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. दि. बा. जासईचेच. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. आमच्या चाळीत बातमी आली ती अर्धीच : 'जासईला गोळी चालली.' आतोबा मोर्चाला जाणार हे आम्हांला ठाऊक होते. वडील दुकानातल्या फोनजवळ स्टुलावर जाऊन बसले आणि उठेनात. त्या वेळी त्यांना कुठली भिंत नको होती, एक माणूस हवा होता आणि तो कुठे आहे हे सांगणारा दुसरा माणूस. रात्री उशिरा लाइन मिळाली. शेटजी म्हणाले, 'तुम्ही फोन ठेवू नका, मी स्वतः जातो.' दोनदा 'थ्री मिनिट्स' झाले. मग शेटजींचाच आवाज आला, 'घरी आहेत. जेवताहेत.' वडिलांनी फोन ठेवला आणि दुकानदाराला न विचारता त्याच्या माठातले पाणी प्याले.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलने हा सगळा घोर संपवला. संपवला खरा, पण कसा ते पाहण्यासारखे आहे.

मुळात कल्पना जुनी. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिले. गावभर एकच मोठा मनोरा उभा करण्यापेक्षा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे पाडा, प्रत्येक घरात एक लहान मनोरा, आणि जी घरे एकमेकांपासून लांब आहेत त्यांत त्याच लहरी पुन्हा वापरा. म्हणजे जासईतही एक बाळू आणि पेणमध्येही एक बाळू. हाक मारली तर घोटाळा होत नाही, कारण हाक तिथवर पोचतच नाही. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पहिला कॉल केला, तोही प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसाला. टेलिफोनच्या इतिहासात प्रतिस्पर्धी फार उपयोगी पडलेले दिसतात. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना पहिला कॉल केला. पुढची कैक वर्षे आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडत. कोणी प्रेमाने चौकशी केली तर बिल आपल्याला. ही पद्धत २००३ साली गेली आणि मग कुठे लोक एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले.

पण खरी गंमत पुढेच आहे. नंबर भिंतीचा होता तोवर यंत्राला चिंता नव्हती. नंबर पुन्हा माणसाचा झाला आणि माणूस तर चालता-फिरता. मग तो कुठे आहे हे ठेवायचे कोणी? यासाठी प्रत्येक कंपनी एक मोठे चोपडे ठेवते, आपल्या कुळाच्या भटजीसारखे. त्यात तुमचा नंबर आणि सध्या तुम्ही कोणाच्या हद्दीत आहात एवढी नोंद. तुमचा फोन खिशात बसल्याबसल्या अधूनमधून जवळच्या मनोऱ्याला 'मी इथे आहे बरं का' असे कळवत असतो. ज्या हद्दीत तुम्ही पाहुणे असता, तिथल्या एक्स्चेंजात पाहुण्यांची दुसरी वही असते. मी आत्याला कॉल केला की आधी मोठ्या चोपड्यात विचारणा होते. चोपडे पाहुण्यांच्या वहीवाल्याला विचारते आणि तो एक तात्पुरता नंबर देतो, फक्त या कॉलपुरता. कॉल त्या नंबरावर जातो आणि मग त्या मुलुखातले सगळे मनोरे एकदम दवंडी पिटतात : 'जासईची आत्या इथे आहे का हो?' ज्या मनोऱ्याच्या घरातून फोन 'ओ' देतो, तिथे घंटी वाजते. बोलता बोलता आत्या एसटीने पनवेलला निघाली, तर एक मनोरा दुसऱ्याच्या हाती तिला देतो, वेशीवर पालखीला खांदा बदलावा तशी, धक्काही लागू न देता.

वाचकहो, हा तात्पुरता नंबर म्हणजे दुसरे काय? पी. पी.! दवंडी पिटणारे मनोरे म्हणजे शेटजींचा पोऱ्या. फोरजी-फाइव्हजीत चोपड्यांची नावे आणि यंत्रे बदलली, पण 'माणूस कुठे आहे ते आधी विचारा, मग जोडा' हा हिशेब तोच. स्ट्रोजरने ज्या बाईला काढले, तिच्या डोक्यातले गाव शंभर वर्षांनी यंत्राला पुन्हा पाठ करावे लागले.

फक्त एक गोष्ट यंत्राला अजून जमलेली नाही. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या गच्चीवरून कंटेनरची रांग दिसते आणि २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू जवळच चिर्ल्याला उतरतो. परिसरात मनोरे इतके की शेताला बुजगावण्याची गरज नाही. शेतेच राहिली नाहीत हा भाग वेगळा. पण आत्या रात्री आठला फोन बंद करते. 'त्यालाबी झोप नको?' असे तिचे म्हणणे. बंद होताना फोन नेटवर्कला शहाण्यासारखे कळवून जातो की मी निघालो, आणि चोपडे माझ्याशी संबंध तोडते : 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती उपलब्ध नाही.' उपलब्ध नाही म्हणजे झोपली, पडली की आणखी काही, हे त्या गोड आवाजाच्या बाईला ठाऊक नसते. ती कोणाला पिटाळत नाही. 'फोन ठेवू नका, मी स्वतः जातो' असे म्हणत नाही.

गेल्या पावसाळ्यात सलग दोन दिवस हाच निरोप मिळाला. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या पायांना वडिलांचे ते स्टूल आठवले. शेवटी शेटजींच्या नातवाचा नंबर मिळवला. वखार केव्हाच गेली, त्याचे आता मोबाइल रिचार्जचे दुकान आहे. तो हसला, शटर अर्धे ओढून घेतले आणि चपला फटफटवत निघाला. मी फोन ठेवला नाही. पाच मिनिटांनी त्याच्याच फोनवर खणखणीत आवाज आला, 'मना काय झायलाय? बरी हाय मी. चार्जर मोडलाय.'

आता माझ्या मोबाइलमध्ये आत्याच्या नावापुढे दोन नंबर आहेत. पहिला तिचा. दुसऱ्यापुढे कंसात लिहिले आहे : पी. पी.