सशांचे कुंपण आणि दोन शोध

रहस्यकथा म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर शहर उभे राहते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार घ्या किंवा धनंजय-छोटू घ्या. त्यांची मुंबई गर्दीची, दिव्यांची, धावत्या मोटारींची. कंदिलाच्या उजेडात ती पुस्तके वाचणाऱ्या आम्हा खेड्यातल्या पोरांना वाटायचे, की गुन्हा करायचा तर मुंबईलाच जायला हवे. आपल्या गावात कोण काय लपवणार? आज कुणाच्या घरी कसले कालवण शिजते आहे, हेसुद्धा चार घरांना ठाऊक!

पण जिथे गावच नाही, शेजारी म्हणजे दिवसभराच्या वाटेवरचा माणूस, तिथल्या गुन्ह्याचे काय? शहरात गुन्हेगार गर्दीत लपतो, ओसाड मुलखात तो रिकामेपणात लपतो. या रिकामेपणाची रहस्यकथा लिहिणाऱ्यांत एक मोठे नाव आहे आर्थर अपफील्ड. आज त्याच्याविषयी आणि एका कुंपणाविषयी बोलायचे आहे.

अपफील्डचा जन्म इंग्लंडमधला, 1890 चा. ऐन तारुण्यात तो ऑस्ट्रेलियात आला आणि तिथल्या आडरानात मिळेल ते काम करत फिरला. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याला एका कुंपणाच्या देखरेखीचे काम मिळाले. इंग्लंडहून आणलेल्या सशांनी त्या खंडात उच्छाद मांडला होता. शेते आणि कुरणे वाचवण्यासाठी सरकारने उत्तर-दक्षिण जाळीचे कुंपण घातले. 1907 मध्ये ते पुरे झाले. त्याची लांबी 1,833 किलोमीटर! ससे काही त्याने पुरते थांबले नाहीत. अपफील्डच्या वाट्याला त्यातला एक टप्पा होता. उंटांची गाडी जुंपायची, जाळी तपासायची, फाटली असेल तिथे सांधायची, आणि रात्री कादंबरी लिहायची.

त्याच्या कादंबऱ्यांचा नायक आहे डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर नेपोलियन बोनापार्ट, लाडाने बोनी. आई आदिवासी, बाप गोरा. विद्यापीठाची पदवी खिशात आणि मातीवरचा माग वाचण्याची आईकडची विद्या डोळ्यांत. आपल्याकडे रामोशी, जागले चोराचा माग काढत, तीच ही विद्या. मोडलेली काडी, उलटलेला खडा, वाळूतला ठसा यांवरून बोनी गुन्हा उलगडतो. 1929 मध्ये त्याची पहिली कादंबरी आली.

पुढच्या कादंबरीसाठी अपफील्डला एक कोडे हवे होते. आडरानात खून झाला आणि प्रेत असे नाहीसे केले, की खून झाला हेच सिद्ध होऊ नये. जॉर्ज रिची नावाच्या ओळखीच्या माणसाने त्याला एक युक्ती सुचवली. ती इतकी पक्की होती, की लेखकाचीच पंचाईत झाली. बोनीला सापडावी अशी एखादी फट तर त्यात हवी! ऑक्टोबर 1929 मध्ये एका रात्री कुंपणाजवळच्या ठाण्यावर चारचौघांत याचीच चर्चा रंगली. ऐकणाऱ्यांत स्नोई रोल्स नावाचा एक देखणा, सगळ्यांना आवडणारा तरुण होता.

त्याच डिसेंबरात त्या भागातून दोन माणसे नाहीशी झाली. मे 1930 मध्ये तिसरा, लुई कॅरन. तिघेही शेवटी रोल्सबरोबर दिसले होते. पण कुणी विचारले नाही. रोजगारासाठी हिंडणारी माणसे. आज इथे, उद्या तिथे. गेला असेल कुठेतरी, एवढेच लोक म्हणाले.

मग गुन्हा उघडकीला आला कसा? कॅरनचा एक मित्र होता. नेमाने पत्रे लिहिणारा कॅरन एकाएकी गप्प का झाला, असे त्याने विचारायला सुरुवात केली. त्या एका प्रश्नाने चाके फिरली. कुंपणालगतच्या एका झोपडीजवळ पोलिसांना राख सापडली आणि राखेत लग्नाची अंगठी. कॅरन मूळचा न्यूझीलंडचा. तिथल्या सराफाकडे ती अंगठी दुरुस्तीला गेली होती, आणि जोड देताना हलक्या कसाचे सोने वापरले गेले होते. कारागिराची ती चूक अंगठीची ओळख ठरली. 1932 मध्ये पर्थच्या न्यायालयात खटला चालला. अपफील्डला साक्षीला उभे राहावे लागले. जून 1932 मध्ये रोल्स फासावर गेला. ती कादंबरी, ‘द सँड्स ऑफ विंडी’, 1931 मध्येच प्रसिद्ध झाली होती.

इथे गोष्ट संपवता आली असती. पण त्याच कुंपणाच्या कडेने, त्याच 1931 साली आणखी एक शोध चालू होता.

बोनीसारख्या मिश्र वंशाच्या खऱ्याखुऱ्या मुलांचे तेव्हा काय होत होते? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या 1905 च्या कायद्याने अशा मुलांचा पालक सरकारी अधिकारी ठरला होता, आई नव्हे. मुलांना आयांपासून तोडून वसाहतींत ठेवले जाई. जिगालाँगच्या मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुलींना असेच दूर मूर रिव्हरला नेले. मॉली चौदा वर्षांची, बाकीच्या दोघी तिच्याहून लहान. तिघी पळाल्या. मॉलीचा गोरा बाप या कुंपणावर कामाला होता. कुंपण आपल्या घरावरून जाते हे तिला माहीत होते. ते धरून त्या सुमारे 1,600 किलोमीटर चालल्या. पोलीस मागावर होते. ग्रेसी वाटेत पकडली गेली, मॉली आणि डेझी घरी पोचल्या.

एकाच कुंपणावरचे हे दोन शोध. खुन्याचा शोध न्यायासाठी होता, तो व्हायलाच हवा होता. दुसऱ्या शोधात मात्र कायदा मुलींच्या पाठीमागे लागला होता. आईपासून लेकरू तोडणे हा त्या कायद्याच्या पुस्तकात गुन्हाच नव्हता. वाचकांना कागदावरचा बोनी आवडत होता, आणि त्याच्यासारखी मुले वसाहतींत आईची वाट पाहत होती.

पुढे मॉलीला दोन मुलींसह पुन्हा तिथेच नेले. 1941 मध्ये ती धाकटीला कडेवर घेऊन पुन्हा घराकडे चालत निघाली. थोरली डोरिस मागे राहिली. मायलेकींची भेट व्हायला वीसहून अधिक वर्षे गेली. याच डोरिस पिल्किंग्टन गरिमारा यांनी 1996 मध्ये आईची हकिगत पुस्तकात लिहिली, 2002 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. फेब्रुवारी 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी या हिरावलेल्या पिढ्यांची संसदेत जाहीर माफी मागितली.

आडरानातला गुन्हा पुष्कळदा असाच उघडा पडतो. कुणीतरी दूर बसून विचारत राहते, की आमचे माणूस गेले कुठे? कॅरनसाठी मित्राने विचारले, आणि उत्तर दोन वर्षांत मिळाले. जिगालाँगच्या आयाही विचारतच होत्या. त्यांचा प्रश्न कागदावर यायला मात्र मागे राहिलेल्या एका लेकीला मोठे होऊन लेखणी हाती घ्यावी लागली.