बागलकोटचे मास्तर आणि चित्रेचा तारा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून अंगणात येणाऱ्याने मान वर करून पाहावे. मृग नक्षत्र पश्चिमेकडे कललेले असते आणि दक्षिणेला व्याध लखलखत असतो. त्याच संध्याकाळी पणत्या लावून थोडा वेळ गेला की पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर येतो. पुढच्या पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याच आसपास असतो, म्हणून तो महिना कार्तिक. चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रेजवळ, मार्गशीर्षात मृगाजवळ. आपली महिन्यांची नावे म्हणजे वर्षभराच्या आकाशदर्शनाची यादीच आहे.

शेतकऱ्याचे मृग मात्र वेगळे. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर 'मृग लागला' म्हणतात तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्या शेजारचा कन्नड शेतकरीही 'रोहिणी मळी' म्हणतो तो याच हिशेबाने. न दिसणाऱ्या नक्षत्राची ही तारीख सांगायची कोणी? पंचांगाने. आणि पंचांग आकाशाशी जुळते की नाही, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मराठी माणसाने फार जिव्हाळ्याने आणि कडाडून भांडत सोडवायला घेतला.

तोवर बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'वरून होत. ग्रंथ 1520 चा, सोपा आणि चतुराईने रचलेला. पण गणितातली बारीक चूक तीन-साडेतीन शतकांत साठत जाते, आणि ग्रह पंचांगात एका ठिकाणी तर आकाशात दुसऱ्या ठिकाणी दिसू लागतो. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली आणि 1865 पासून त्यांचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा इतिहास 1896 मध्ये आला. दीक्षितांचा पेशा शिक्षकाचा होता.

शिक्षकांच्या याच परंपरेतले आपल्या भागातले नाव व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म 1854, नरगुंदचा. नोकरी बागलकोटच्या इंग्रजी शाळेत. त्या काळी हा सारा मुलूख मुंबई इलाख्यात होता. घरी मराठी, बाजारात कन्नड, ग्रंथाला संस्कृत आणि शाळेत इंग्रजी, असा या मास्तरांचा व्यवहार. पाश्चात्त्य ज्योतिषांच्या सारण्या आत्मसात करून त्यांनी 'ज्योतिर्गणितम्' आणि 'केतकी ग्रहगणितम्' हे ग्रंथ संस्कृतात रचले. सामान्य वाचकासाठी 'नक्षत्रविज्ञान' मराठीत लिहिले.

मोठा वाद होता तो राशिचक्राच्या आरंभाचा. वसंतसंपात दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरकतो, म्हणजे सुमारे 72 वर्षांत एक अंश. तेव्हा नक्षत्रचक्राची सुरुवात आकाशातल्या कोणत्या खुणेपासून मोजायची? छत्रे आणि पुढे लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवतीच्या ताऱ्याचा. हा तारा इतका मंद, की चांगल्या अंधारातही शोधावा लागतो. केतकरांनी चित्रापक्षाचा पुरस्कार केला. चित्रा पहिल्या प्रतीची, उन्हाळ्याच्या रात्री शहरातूनही दिसणारी. तिच्या बरोबर समोर, 180 अंशांवर, आरंभबिंदू धरायचा.

दोन्ही पक्षांत अंतर सुमारे चार अंशांचे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत चार दिवस आधी येते. काही वर्षी अधिकमासच निराळा पडतो आणि एकाच गल्लीत दोन दिवाळ्या होतात. एका घरी फराळ संपत आला, तरी दुसऱ्या घरी भाजणीचाही पत्ता नाही. वाद पंडितांचा, पण त्याची झळ स्वयंपाकघरापर्यंत.

1952 मध्ये केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिचा अहवाल 1955 चा. धार्मिक पंचांगासाठी तिने चित्रापक्षाशी जुळणारा अयनांश स्वीकारला. तेव्हा केतकरांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

केतकरांचे आणखी एक धाडस सांगायला हवे. 1911 मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे लिहिले. त्यातल्या जवळच्या ग्रहाचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या 38.95 पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे 242 वर्षे काढला. फेब्रुवारी 1930 मध्ये प्लूटो सापडला: अंतर सरासरी साडेएकोणचाळीस पट, काळ 248 वर्षे. त्याच वर्षी केतकर वारले. आज आपण जाणतो की प्लूटो फार लहान आहे, 2006 पासून तो बटुग्रह गणला जातो, आणि हा मेळ योगायोगाचा मानावा लागतो. त्यामुळे केतकरांना 'प्लूटोचा शोधक' म्हणणे बरोबर नाही. त्यांचे खरे मोठेपण गणित आकाशाच्या कसाला लावण्यात आहे.

हा कस कोणालाही लावता येतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी निरीक्षकांना हेच शिकवत आली. दुर्बीण नसली तरी चालते. त्रिपुरी पौर्णिमेला मुलांना गच्चीवर न्यावे आणि चंद्राजवळच्या कृत्तिका दाखवाव्यात. चांदण्याने फिक्या वाटल्या तर दोन रात्रींनी पुन्हा. चैत्रात चित्रा, जूनमध्ये मृग का दिसत नाही हा प्रश्न, आणि पुढच्या दिवाळीला पहाटे मृग पुन्हा. वर्षभर असे पाहिले की पंचांग नुसते वाचायचे राहत नाही, पडताळायचे होते. आपल्या जिल्ह्यांत पाट्यांची लिपी कधी ही, कधी ती. चित्रेला दोन्ही भाषांत चित्राच म्हणतात.